गोधड्यांच्या आठवड्यात गेलेली लिंक

साडेदहाला नेटच्या डब्यावरचा दिवा पुन्हा लाल झाला. हॉलमध्ये सहा मुली बसल्या होत्या. प्रज्ञाचा नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास नुकताच सुरू झाला होता. पडद्यावरच्या बाई बोलता बोलता तोंड उघडं ठेवून तशाच थांबल्या.

"वनिताताई, आजपण?" प्रज्ञा म्हणाली.

मी वहीत वेळ लिहिली आणि गच्चीवर जाऊन ऑफिसला मेसेज टाकला, "दिवा लाल आहे." यापेक्षा जास्त मी कधी लिहीत नाही. फोन तर करतच नाही. समोरचं माणूस दिसत नसलं की माझा आवाज बसतो.

आमची वस्ती कोथरूडच्या मागे, टेकडीच्या उतारावर आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की गॅसची टाकी खांद्यावरून न्यावी लागते. केबलवाले खालच्या रस्त्यापर्यंत येतात आणि वर बघून परत जातात. मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर. म्हणून एका संस्थेने गेल्या थंडीत विहाराच्या हॉलवर एक डिश लावली. टीव्हीच्या डिशसारखीच दिसते, पण ही आकाशाकडे बघत नाही. खाली कोथरूडमधल्या एका उंच सोसायटीच्या गच्चीवर दुसरी डिश आहे, तिच्याकडे बघते. मधे वायर नाही. दोघींनी एकमेकींना नीट बघितलं की नेट येतं. याला लिंक म्हणतात. हॉलमधून मग ते वस्तीतल्या घरांत जातं.

मी आधी हॉल झाडायला होते. डिश आल्यावर संस्थेने मला केंद्र सांभाळायला ठेवलं. काम दोनच: हॉल उघडा ठेवायचा आणि दर तासाला सिग्नलचा आकडा वहीत लिहायचा. तो आकडा मोबाईलवर दिसतो आणि मायनसमध्ये असतो. मी चौथीपर्यंत शिकले, तिथे मायनस नव्हतं. ते इथे शिकले. मायनस पंचावन्न म्हणजे चांगलं, मायनस ऐंशी म्हणजे वाईट. आकडा मोठा दिसतो पण सिग्नल लहान असतो.

आठ दिवस जवळपास रोज सकाळी लिंक जात होती. इनामदार म्हणून संस्थेचे इंजिनिअर आहेत, पन्नाशीचे. ते चार वेळा येऊन गेले. दिवसभर त्यांना दुसऱ्या कामांवर फिरावं लागतं, म्हणून ते साडेपाचनंतर यायचे. तोवर दिवा हिरवा. पहिल्यांदा त्यांनी वायर बदलली. दुसऱ्यांदा अडॅप्टर बदलला. तिसऱ्यांदा नुसतेच डिशकडे बघत उभे राहिले. चौथ्यांदा कोथरूडकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बांधकाम बघा. क्रेन फिरते मधून. दिवसा काम चालतं, दिवसा लिंक जाते. आता तिथे बारा मजले उभे राहणार. विषय संपला."

गुरुवारी मी गच्चीवर असताना केतकर मॅडमचा फोन आला. त्या ऑफिसच्या प्रमुख. "वनिताताई, वाईट वाटतंय सांगायला. पण जिथे लिंक टिकत नाही तिथे डिश ठेवून उपयोग नाही. दुसरी एक वस्ती वाट बघतेय. शनिवारी माणसं येतील, डिश काढून नेतील."

मी "बरं" म्हणाले. प्रज्ञाची परीक्षा महिन्यावर आली होती. डिश गेली की मुली पुन्हा खाली रस्त्यावर, मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर बसणार. तिथे बसलेल्या मुलींना लोक काय काय बोलतात ते मी ऐकलं आहे.

संध्याकाळी हॉल बंद करून मी वही घेऊन बसले. आठ दिवसांचे आकडे एकाखाली एक बघितले. जवळपास रोज दहाच्या सुमाराला आकडा एकदम बिघडत होता. दुपारी एकनंतर हळूहळू सुधारत होता. मायनस ब्याऐंशी, मग अठ्ठ्याहत्तर, मग सत्तर, चारला साठ. मला प्रश्न पडला, की क्रेन फिरत असेल तर आकडा खालीवर व्हायला हवा. हा तर काहीतरी वाळत असल्यासारखा सुधारत होता.

आणि फक्त बुधवारचे आकडे दिवसभर चांगले होते. बुधवारी आभाळ भरून आलं होतं. क्रेन फिरत होती, मी स्वतः बघितली होती. मग बुधवारी काय नव्हतं?

बुधवारी गच्चीवर गोधड्या नव्हत्या.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची पद्धत आहे. आम्ही बौद्ध, आमच्याकडे घट नसतात, पण दसऱ्याला धम्मचक्र दिन असतो, त्याच्याआधी घर स्वच्छ होतंच. त्यामुळे त्या आठवड्यात सगळी वस्ती गोधड्या धूत होती. घरांना अंगण नाही. ऊन पडतं ते हॉलच्या गच्चीवर. आणि तिथली दोरी मीच बांधली होती. एक टोक टाकीच्या पाइपाला, दुसरं डिशच्या खांबाला. डिशच्या खांबाला हात लावायचा नाही, असं मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. पण त्या दोरीवर तेव्हापासून साड्या वाळल्या आणि आकडा कधी हलला नाही. इनामदारांनाही मी एकदा चाचरत विचारलं होतं, कपड्यांनी काही होतं का? "छे हो. कपड्यातून आरपार जातं," असं ते म्हणाले होते. म्हणून मी गोधड्यांचा विचारच केला नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला गच्चीवर गेले. सुमनकाकू, शेजारच्या, चौथी गोधडी दोरीवर टाकत होत्या. पाणी गळत होतं. मोबाईलवर मायनस एक्क्याऐंशी.

"काकू, जरा या काढायच्या का?"

"काढायच्या? आत्ता टाकल्यात."

"पाच मिनिटं. नेटसाठी."

"नेट काय थंडीत अंगावर घेणारेस? ओल्या गोधडीचं वजन माहितीये का तुला? पहाटेपासून कंबर मोडलीये माझी."

"उद्या डिश काढून नेणार आहेत, काकू."

त्या थांबल्या. त्यांची नात त्या सहा मुलींतलीच. "मग असं तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? धर ते टोक."

दोघींनी मिळून चारही गोधड्या खाली घेतल्या. आकडा मायनस छप्पन्नवर आला. माझा विश्वास बसेना. एक गोधडी परत टाकली. मायनस एकाहत्तर. दोन टाकल्या. मायनस अठ्ठ्याहत्तर. काढल्या. छप्पन्न.

"अगं, कितीदा नाचवणारेस मला?"

"शेवटची, काकू." मी सगळे आकडे वहीत लिहिले.

मग फोन. नंबर काढला आणि तसाच धरून बसले. कारण सांगायचं म्हणजे दोरी कोणी बांधली तेही सांगायचं. काकूंनी माझ्या हातातल्या मोबाईलवर बोट टेकवलं आणि फोन लागला.

मी मॅडमना सगळं एका दमात सांगितलं. दोरी मी बांधली, खांबाला बांधली, ओल्या गोधड्या डिशच्या पुढ्यात येत होत्या, आणि हे आकडे. मला वाटलं, संपलं.

"इनामदार इथेच आहेत. त्यांच्याशी बोला," मॅडम म्हणाल्या.

"ताई," इनामदार म्हणाले, "मी चार वेळा आलो. मला एकदाही गोधडी दिसली नाही. दोरी दिसली, तिच्यावर एक टॉवेल होता."

"तुम्ही संध्याकाळी येता सर. तोवर गोधड्या वाळून घरी जातात."

"किती पदरी असते गोधडी?"

"सात-आठ साड्या असतात आत."

"आणि ओली."

"गळत असते सर."

"म्हणजे पाण्याची भिंतच. अहो, पाणी सिग्नल पिऊन टाकतं. आणि मी तिकडे क्रेनचे फोटो काढत बसलो!"

ते दुपारी बाराला आले. पहिल्यांदाच उन्हात. काकूंनी मुद्दाम पुन्हा गोधड्या टाकून दाखवल्या आणि त्यांनाही एक उचलायला लावली. "सिग्नलचं जाऊ दे, आधी माणूस किती वाकतो ते बघा," त्या म्हणाल्या. इनामदारांनी आकडे बघितले, वही बघितली, आणि तिथूनच मॅडमना फोन केला. "शनिवारचं रद्द करा. लिंक ठणठणीत आहे. बांधकाम दोन डिशच्या रेषेत नाही, बाजूला राहतंय."

दोरी त्यांनीच सोडली आणि गच्चीच्या मागच्या बाजूला, डिशच्या पाठीमागे, दोन नवे हूक मारून बांधून दिली. ऊन तिथेही तेवढंच येतं. खांबाला दोरी बांधल्याबद्दल मला मॅडमनी नंतर दोन वाक्यं ऐकवली. ती बरोबरच होती.

शनिवारी दहाला मागे सात गोधड्या गळत होत्या आणि आकडा मायनस छप्पन्न होता. खाली प्रज्ञाचा क्लास चालू होता. पडद्यावरच्या बाई न थांबता बोलत होत्या. त्या काय शिकवत होत्या ते मला समजलं नाही, पण मी दारात उभी राहून पूर्ण तास ऐकला. आठ दिवसांनी मला त्या दिवशी नीट जेवण गेलं.

नवीन केंद्र सुरू करताना लिंक कशाने अडते याची एक यादी संस्था देते. झाड, इमारत, पत्रा, होर्डिंग. त्यात आता ओली गोधडी लिहिली आहे. इनामदारांनी मला ती यादी दाखवली आणि अजून काही राहिलं का, असं विचारलं. मी म्हणाले, एक राहिलं. सकाळचा बिघाड बघायला सकाळी यावं.

ते त्यांनी यादीत लिहिलं नाही. पण हल्ली सकाळी येतात.