पुढची सोळा पानं

ग्रंथालयात वीस वर्षं काढली की माणूस धूळ झटकायला शिकतो आणि संशय घ्यायला. दुसऱ्या विद्येत मी जरा जास्तच पारंगत आहे. त्यामुळे जाड भिंगांचा चष्मा लावलेले ते आजोबा मागच्या कपाटाशी घुटमळू लागले, तेव्हाच मी ओळखलं, इथं पाणी मुरतंय.

त्या कपाटातली पुस्तकं दहा-दहा वर्षं कोणी नेली नव्हती. महिनाअखेरीस ती रद्दीत जायची होती. आजोबा नेमकी तीच नेत, तीही एकाच बंद पडलेल्या छापखान्याची, आणि दुसऱ्या दिवशी परत आणत. एका दिवसात कोण वाचतं? चित्रांची पानं कापून विकत असणार. म्हणून त्यांची पाठ वळली की मी पान न् पान तपासायची. एकही पान गेलेलं नसायचं. तपासता तपासता पाच पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचून झाली. काय पुस्तकं होती! रद्दीची यादी मीच केली होती, त्याची लाज वाटली. संशय मात्र गेला नाही.

शेवटी त्यांनी मागितलेली एक कादंबरी मी खणात दडवली आणि "बाहेर गेलीय," असं ठोकून दिलं. तीन दिवस ते रोज तिच्यासाठी आले. चौथ्या दिवशी मी विचारलंच, "एवढं काय आहे हो त्यात?"

"मी त्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो," ते म्हणाले. "सोळा पानं माझ्याकडे, पुढची सोळा शेजारच्याकडे. एकही पुस्तक सलग वाचायला मिळालं नाही. आता त्याची पानं तेवढी वाचतो, म्हणून लवकर होतं."

"आणि ही कादंबरी?"

"यात मुलगी बापाशी भांडून घर सोडते. तिथं माझी पानं संपली. शेजारच्याला विचारलं, तर म्हणाला, येते की आपणहून परत." त्यांनी चष्मा पुसला. "त्याच आठवड्यात माझी पोर भांडून गेली होती. म्हटलं, हीही येईल. पत्ता होता, पण गेलो नाही. बावीस वर्षं झाली. आता वाटतं, त्या लेकाच्याने मला बरं वाटावं म्हणून थाप मारली असेल तर?"

थाप तर हेच मारत नसतील? जेवणाच्या सुट्टीत मी खण उघडला आणि शेवटची पानं वाचली. मुलगी परत येत नाही. बाप जातो, दार वाजवतो आणि ती दार उघडते. माझा डबा तसाच राहिला. या माणसाला मी आणखी तीन दिवस अडवून ठेवलं होतं, याबद्दल मला स्वतःचाच संताप आला.

आजोबा वाचनकक्षात बसून होते. "आलं परत," म्हणत मी पुस्तक पुढ्यात ठेवलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. संशय त्यांनाही घेता येत होता.

तासाभराने ते उठून माझ्या टेबलाशी आले. डोळे लाल झाले होते.

"शेजारच्याच्या पानांत चुका फार आहेत," ते म्हणाले. मग पुस्तक पुढे करून, "हे सोबत नेलं तर चालेल? पोरीकडे जायचंय. किती दिवस लागतील, सांगता येत नाही."

मी तारखेचा शिक्का उचलला आणि तसाच खाली ठेवला. पुस्तक त्यांच्या पिशवीत घातलं.