माझ्याकडे तर चालतंय

त्या माल-वाहतूक कंपनीतल्या संगणकवाल्याला सगळे मास्तर म्हणत, आणि ते त्याला मनातून आवडे. पावत्या आपोआप तयार करणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. बटण दाबायचं, की दिवसभराच्या पावत्या हजर. तेव्हापासून मास्तरचे पाय जमिनीवर नव्हते.

फक्त पावत्यांच्या टेबलावरच्या काकूंकडे तो प्रोग्राम चालेना. बटण दाबलं की पडदा लुकलुके आणि पुढे काहीच नाही. काकूंनी बोलावलं की मास्तर येई, त्यांना खुर्चीतून उठवी, स्वतःच्या नावाने लॉगिन करी आणि पावत्यांचा ढीग पाडून दाखवी. असं दोन-तीनदा झाल्यावर तो वैतागून मॅनेजरसमोर म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय. काकूंच्या डोक्यातच शिरत नाही, त्याला मी काय करू?" सगळे हसले. काकूही हसल्या. लगेच ठरलं, सोमवारपासून काकूंनी गोदामाच्या दारात बसून गाड्या मोजायच्या.

शुक्रवारी काकू रजेवर होत्या. त्यांचं मशीन दुसऱ्याला द्यायचं म्हणून मास्तरने पासवर्ड बदलून पहिल्यांदाच त्यांचं खातं उघडलं आणि सहज बटण दाबलं. पडदा लुकलुकला. पुढे काहीच नाही. मास्तरने प्रोग्राम उघडून तपासला. पावत्या जमा होण्याचा फोल्डर त्याने स्वतःच्याच खात्यात ठेवला होता. तिथे काही साठवायची परवानगी त्याच्याशिवाय कुणालाच नव्हती.

फोल्डर त्याने सगळ्यांच्या जागेत हलवला, काकूंच्या खात्याला परवानगी दिली, आणि प्रोग्राम मुकाट चालू लागला. चहा निवायच्या आत काम झालं. गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्याला चुकीपेक्षा जास्त लाज वाटली. तो उठला आणि मॅनेजरला खरं सांगून आला. मॅनेजर "होतं असं" म्हणाले आणि काकूंची बदली रद्द झाली.

सोमवारी त्याने काकूंना खाली बघतच सांगितलं, की चूक माझी होती, तुमची नव्हती. काकूंनी बटण दाबलं. पावत्या भराभर आल्या. त्या चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"शुक्रवारी मी डॉक्टरकडे गेले होते," काकू म्हणाल्या. "विसरायचा आजार लागला का, ते विचारायला. सूनबाईलाही तसं बोलून गेले. ती आता बाळाला माझ्याजवळ एकटं ठेवत नाही. तिला काय सांगू, मास्तर?"