बाजाराच्या दिवशीचं पाकीट

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात आठवडा बाजारावर मोजतात. आईची हाडं ठिसूळ झाली आणि डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीच्या पावडरीचं पाकीट आठवड्यातून एकदा दुधात घ्यायला सांगितलं, तेव्हा मी मोठ्या हुशारीने तिला म्हटलं, "बाजारातून आली का घेत जा." वार तिच्या लक्षात राहत नाहीत, बाजार राहतो. स्वतःच्या युक्तीचं मला भारी कौतुक वाटलं होतं.

आई वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकते. कंबर धरलेली होती तोवर गावचा बाजारच कसाबसा व्हायचा. औषधाने दुखणं उतरलं आणि बाई सुटल्या. शेजारच्या गावचा बाजार, मग त्याच्या पलीकडचा. मी वरोऱ्याहून फोनवर चिडवायची, "आता काय जिल्हा काबीज करून राह्यली का?" ती खुशीत हसायची.

पाकिटं संपली की तिचा निरोप यायचा. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नव्हता. मी पाकिटं घेऊन जीपवाल्याबरोबर पाठवायची. ती लवकर संपतात हे दिसत होतं मला. वाटलं, शेजारणीला देत असेल, आमच्याकडे गुणाचं औषध असं घरोघरी वाटलं जातंच. दोन महिन्यांनी थांबून रक्त तपासा, असं डॉक्टर म्हणाले होते. तेही मी आज-उद्या करत ढकललं. नोकरी, पोरं, काहीही कारण पुरायचं.

उन्हाळ्यात तिची तहान भागेना. मळमळ, पोट साफ नाही, सारखं लघवीला जाणं. पण चंद्रपूरच्या उन्हात तहान लागते म्हणून दवाखान्यात कोण जातं? गावी गेले तेव्हा मी उलट खेकसले, "ऊन लागलं तुले, डोक्याले बांधत नाई काही," आणि पन्हं पाजलं. ती असंबद्ध बोलू लागली तेव्हा कुठे चंद्रपूरला नेलं.

रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं आणि किडन्यांना त्याचा मार बसला होता. सलाइनवर ती हळूहळू भानावर आली. पाकीट कोणकोणत्या दिवशी घेत होतात, असं डॉक्टरांनी विचारलं. आई अभिमानाने म्हणाली, "एकही बाजार चुकवला नाई साहेब. ज्या गावचा बाजार केला, त्या दिवशी घरी येऊन पाकीट घेतलंच." मी बोटांवर तिचे आठवड्याचे बाजार मोजू लागले. हे औषध अंगात साठत जातं, डॉक्टर म्हणाले, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. जितकी ती बरी होत होती, तितके बाजार वाढत होते आणि तितकं ते साठत होतं.

डायलिसिस टळलं. पण किडन्या पूर्वीसारख्या होणार नाहीत, आणि पाकिटं बंद. रागावण्याची माझी खोड जुनी आहे, पण या वेळी रागवायला समोर कुणीच नव्हतं. वॉर्डातच तिचा हात धरून रडले. म्हटलं, "आई, चूक माही हाय."

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "येडी हाय का? काऊन रडून राह्यली? तू त किती चांगली. मी मांगितलं का लगेच पाठवत होती. कधी एका शब्दानं विचारलं नाई तू मले."