जमीकंदाच्या घरातली सून

पाचोऱ्याच्या हस्तीमल शेठच्या घरात कांदा, बटाटा, लसूण, मुळा यांपैकी कशालाही उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. जमिनीखाली वाढतं ते जमीकंद. एकेका कंदात अनंत जीव वसतात आणि सुरी लावली की त्या साऱ्यांची हिंसा होते, हे त्या जैन घरातलं शेंबडं पोरही सांगत असे. भाजीवालीच्या टोपलीत तळाला चार बटाटे दिसले, तर शेठाणी झमकूबाई वरचे दोडकेही परत पाठवत. अशा घरात एक कंद दिवाळीपर्यंत सुखानं नांदला आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

तो आणला होता सुनेनं, प्रेमकुंवरनं. तिचं माहेर भुसावळचं. वडिलांचं किराणा दुकान रेल्वे वसाहतीला लागून, त्यामुळे नाना तऱ्हेची माणसं लहानपणापासून पाहिलेली आणि जीभ चांगली चालती. सासरी मात्र त्या जिभेला कुलूप होतं. सासऱ्यासमोर घुंघट घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, हा रिवाज. सांगायचंच असलं तर सासूकरवी, नवऱ्याकरवी, आणि कुणीच नसलं तर भिंतीला. "भिंती, जेवण तयार आहे म्हणावं," असं ती म्हणायची आणि हस्तीमल शेठ पाटावर येऊन बसायचे. पंधरा वर्षं त्या बिचाऱ्या भिंतीनं निरोप्याचं काम केलं.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात ती माहेरी गेली, तेव्हा वसाहतीतल्या एका इंजिन ड्रायव्हरची बदली झाली होती. सामान बांधता बांधता त्याच्या बायकोनं तुपाच्या रिकाम्या डब्यातलं एक झाड प्रेमकुंवरच्या हातात ठेवलं. पानं अळवासारखी, पण मधोमध लालभडक आणि काठाला तेवढी हिरवी. नाव सांगितलं कॅलेडियम. पाचोऱ्याच्या घरात ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना. सगळे त्याला रंगीत अळू म्हणू लागले.

प्रेमकुंवरनं डबा मोरीच्या कडेला, भिंतीच्या सावलीत ठेवला. खानदेशच्या उन्हात नाजूक पान तासाभरात करपतं, म्हणून वर ओलं गोणपाट बांधलं. झाड असं फुललं की हस्तीमल शेठकडे सौद्याला आलेले व्यापारी गादीवरून माना वळवून बघत. त्या घरात भांडी सासूची, तिजोरी सासऱ्याची, दुकान नवऱ्याचं. तो एक डबा प्रेमकुंवरचा होता, आणि त्याचं तिला वेड लागलं होतं.

दिवाळी झाली आणि पानं एकेक करून मान टाकू लागली. महिनाभरात डब्यात नुसती माती उरली. प्रेमकुंवरला रडू फुटलं. झमकूबाई सुनेला बिनणी म्हणत. त्या म्हणाल्या, "गेलं ते झाड. डबा रिकामा कर, बिनणी." तिनं डबा पालथा केला, आणि मातीतून सुपारीपेक्षा मोठा, तपकिरी, डोळ्याडोळ्यांचा एक गोळा घरंगळत थेट झमकूबाईंच्या पायाशी जाऊन थांबला.

झमकूबाई किंचाळल्या, "जमीकंद!" आणि पदर सांभाळत दोन पावलं मागे सरल्या.

त्या वेळी ओट्यावर बेबाबाई तूर पाखडत होती. ती शेठच्या केळीच्या बागेत कामाला असे आणि अधूनमधून घरचं धान्य निवडायला येई. तिला हसू आवरेना. "मरेल नही शे ते, बाई," ती म्हणाली. "झोपेल शे. केयना कंद ऱ्हास ना, तसंच हाई."

आता आली पंचाईत. कंद घरात ठेवायचा कसा? आणि केळीच्या कंदासारखा झोपलाय, जिवंत आहे म्हटल्यावर उकिरड्यावर टाकायचा तरी कसा? टाकला तर मरणार, म्हणजे हिंसा टाकणाऱ्याच्या माथी. झमकूबाई लटक्या धर्माच्या बाई नव्हत्या. पाणी गाळून उरलेले जीव परत विहिरीत सोडायला त्या स्वतः जात. त्यांनी बराच विचार केला आणि निकाल दिला, "राहू दे. पण त्याला सुरी लागता कामा नये."

प्रेमकुंवरनं कंद कोरड्या राखेत, गाडग्यात ठेवला. फाल्गुनात उघडून पाहते तो एक बाजू मऊ पडून सडायला लागलेली. तिनं तो पदराआड बेबाबाईला दाखवला. बेबाबाईनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. सड पसरली तर सगळा कंद जाणार होता. "काप. नही तं बठ्ठा जाई. डोया धरीसन काप, तुकडातुकडाले कोंब फुटी. मंग राख लाव."

बागेत केळीचे कंद तासायचा विळा बेबाबाईच्या कमरेला होताच. प्रेमकुंवरनं तो मागून घेतला. भीती वाटली, खोटं कशाला सांगा. जन्मात तिनं बटाटासुद्धा कापला नव्हता. पण सडका भाग उडवल्यावर आत पांढरंशुभ्र, रसरशीत निघालं, तशी तिची भीती गेली. डोळे बघून तिनं तीन तुकडे केले, कापल्या जागी राख चोळली, दोन दिवस सावलीत सुकवले आणि वाळू, शेणखत घालून वेगवेगळ्या डब्यांत लावले. रसानं हात मनगटापर्यंत खाजले. तिनं ते खोबरेल लावून निमूट सोसलं.

आषाढात तिन्ही डबे लालेलाल झाले. झमकूबाई मोरीपाशी थांबल्या. "एकाचे तीन कसे झाले, बिनणी?"

पिल्लं फुटली असं सांगता आलं असतं. सासूला ते खरं वाटलं असतं आणि विषय मिटला असता. पण प्रेमकुंवर खोटं बोलायला तयार नव्हती. "मी कापला," ती म्हणाली. "सडत होता. कापला नसता तर मेला असता. आता तीन ठिकाणी जगतोय."

त्या दिवसापासून झमकूबाईंनी तिच्या हातचं खाणं सोडलं. एवढ्या वयात स्वतः चुलीपुढं बसून पोळ्या लाटू लागल्या. प्रेमकुंवरच्या जिवाला ते फार लागलं, पण ती हटली नाही. हस्तीमल शेठच्या कानावर गेलं, तसा भिंतीकडे तोंड करून त्यांनी हुकूम सोडला, "संवत्सरी झाल्यावर सगळ्यांसमोर माफी माग. पुन्हा कापणार नाही म्हणून सांग. नाहीतर डबे गिरणा नदीत जातील."

भादव्यात पर्युषण आलं. झमकूबाईंनी आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर उपास केला. संवत्सरी हा पर्युषणाचा शेवटचा दिवस; त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांचं पारणं व्हायच्या आधी, सगळं घर बैठकीत जमलं. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल, तर हात जोडून एकमेकांना खमवायचं, म्हणजे क्षमा मागायची आणि द्यायची. हस्तीमल शेठनी बायकोला खमवलं, मुलाला खमवलं, थेट दिवाणजीलाही खमवलं. मग सगळे प्रेमकुंवरकडे बघू लागले.

तिनं घुंघट हनुवटीपर्यंत ओढला, हात जोडले आणि भिंतीकडे पाठ केली.

"बापूजी," ती म्हणाली.

नवरा, सुभाषचंद, चमकून वडिलांकडे बघू लागला. दिवाणजीनं खाली बघितलं. हस्तीमल शेठना आपल्या सुनेचा आवाज आपल्याकडे येताना पहिल्यांदा ऐकू आला.

"माझ्या बोलण्यानं, वागण्यानं कुणाला दुखावलं असेल, तर मी सगळ्यांना खमवते. सासूजींना तर पायावर डोकं ठेवून खमवते. पण कंद कापल्याची माफी मागणार नाही. येत्या फाल्गुनात मी पुन्हा कापणार आहे. जे उद्या परत करायचं, त्याची आज कसली माफी मागू? तुम्ही दरवर्षी सगळ्या जिवांना खमवता, आणि मग केळीचा कांदेबाग लावायला गाड्या भरून कंद येतात, बेबाबाई ते विळ्यानं तासते. माझा विळा तेवढा दिसला?"

हस्तीमल शेठचा चेहरा लालबुंद झाला. "सुभाष, डबे उचल!"

सुभाषचंद आयुष्यात कधी बापाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. तो उठला, दोन पावलं गेला आणि बायकोच्या जोडलेल्या हातांकडे बघून तिथंच थांबला.

तेवढ्यात झमकूबाईंचा आवाज आला, उपासानं खोल गेलेला. "कांदेबाग कधी लावताय यंदा?"

"पंधरा दिवसांत," शेठ म्हणाले. "कंद ठरवून ठेवलेत. त्याचं आता काय?"

"मग मघाशी मला खमवलंत ते परत घ्या," झमकूबाई म्हणाल्या. "हिनं केलं ते पापच आहे. पण हिनं ते आपल्या हातानं केलं आणि आपल्या तोंडानं सांगितलं. आपण आपलं पाप बेबाबाईच्या हातात विळा देऊन करतो. डबे जागेवर राहू देत. बिनणी, मुगाचं पाणी आण. पारणं तुझ्या हातनं करीन."

प्रेमकुंवर स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपाशी उभी राहून ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून तिनं वाटी भरून आणली.

हस्तीमल शेठनी कांदेबाग लावलाच. हुकमी पीक देणारा बाग कोण सोडतो? पण भिंतीला निरोप सांगणं त्या घरात बंद झालं. सून बोले, सासरा घसा खाकरून उत्तर देई.

पुढं डबे वाढत गेले. इतरांकडून मागून आणलेली पांढरी, गुलाबी, ठिपक्यांची पानंही आली. पाचोऱ्यात आणि पार धुळ्यापर्यंत नातेवाइकांच्या अंगणांत प्रेमकुंवरच्या कंदांचे तुकडे फुलू लागले. दर फाल्गुनात ती भर दुपारी, अंगणाच्या मधोमध, पाट मांडून कंद कापायला बसे. आधी सासूला सांगे. झमकूबाईंनी त्याला कधी होकार दिला नाही, की पुन्हा कधी अडवलंही नाही. त्या उठून आत जात, तोंडाला मुखपट्टी बांधत, अठ्ठेचाळीस मिनिटांची वाळूची घडी उलटी करून ठेवत आणि सामायिकाला, कुठल्याही जिवाला न दुखवता एका जागी करायच्या ध्यानाला, बसत. वाळू संपली की दारापर्यंत येऊन बघत. सुनेच्या पुढ्यात अजून कंद उरलेले दिसले, की काही न बोलता आत जात, घडी पुन्हा उलटी करत आणि पुन्हा बसत.