दातांत फणी धरलेली आई

त्या चित्रातल्या आईने दातांत धरलेली फणी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

२०१४ सालची गोष्ट. मी ऑकलंडच्या पोलिसांत होतो आणि मराठी घरातली तक्रार आली की भाषेमुळे माझ्याकडेच यायची. माउंट रॉस्किल या उपनगरातल्या एका पुणेकर इंजिनिअरच्या घरून तैलचित्र गेलं होतं. एकोणिसाव्या शतकातलं, लिलावात घेतलेलं. त्यात स्वयंपाकघरात एक आई मुलीची वेणी घालते आहे. दोन्ही हात केसांत, म्हणून फणी दातांत.

घरात इंजिनिअरची वृद्ध आई होती, स्मृतिभ्रंश झालेली. तिला सांभाळायला साताऱ्याची एक बाई यायची. व्हिसा पक्का झाला की गावी ठेवलेल्या मुलीला ती इकडे आणणार होती.

मी आणि माझ्या सहकाऱ्याने घराची झडती घेतली. देवघर म्हणजे भिंतीतलं एक कपाट. समोर आजी पूजेला बसलेल्या. माझ्या पायांत बूट, कमरेला चामड्याचा पट्टा. मी लांबूनच हात जोडले. आत पाहिलंस का, असं सहकाऱ्याने विचारलं, तेव्हा हो म्हणालो.

मग कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराने, खबर दिली : ती बाई चादरीत काहीतरी चौकोनी गुंडाळून बसमध्ये चढली होती. आजींनी दिलेला जुना आरसा होता, असं ती म्हणाली. आरसा तिच्या खोलीत होताही. पण माझा संशय गेला नाही. स्टेशनवर तिला विचारलं, "ताई, ते चित्र तुम्हाला आवडायचं?"

"आजींची वेणी घालताना समोर तेच असायचं," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या केसांना हात लावून किती वर्षं झाली, साहेब."

मला तो चोरीचा हेतू वाटला. पुरावा नव्हता, त्यामुळे गुन्हा दाखल झाला नाही. पण नुसत्या संशयावर तिचं काम गेलं, कामाबरोबर व्हिसा गेला आणि ती परतली.

आजी देवघराला सुनेचाही हात लागू देत नसत. दिवाळीच्या साफसफाईत सुनेने अखेर देव हलवले, तर मागे ते चित्र. त्यातल्या आईच्या कपाळावर कुंकू. मला बोलावलं, तेव्हा मी बूट काढून आत गेलो. आजी रागावल्या होत्या.

"माझी आई आहे ती. जिवंत माणसाला कोणी भिंतीवर टांगतं का?"

वस्तू घरातच सापडली, एवढ्यावर फाइल बंद झाली. कपाट तेव्हा का पाहिलं नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

निवृत्तीनंतर साताऱ्याला फोन करून तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. आजींची वेणी आता कोण घालतं, एवढंच विचारलं. आजी गेल्याचं सांगितलं आणि तिच्या मुलीची चौकशी केली.

"मी आले तोवर ती स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली होती," ती म्हणाली. "मी नुसती फणी घेऊन उभी."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माणसाची ओढ पाहिली की तिच्यात हेतू शोधायचो. ती सवय या प्रकरणाने मोडली, पण उशिरा. आता नोंद दुरुस्त करतो : त्या बाईने चित्र चोरलं नव्हतं, आणि ते कपाट मी पाहिलं नव्हतं.