पोळ्याच्या दिवशी भेकराचं पोट

बेचाळीस-त्रेचाळीसच्या सुमारास मी अकोले तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, ढोरांचा डॉक्टर होतो. रवंथ करणाऱ्या कुठल्याही जनावराचं पोट आपल्याला पाठ आहे, असा माझा पक्का समज होता. लाकूडतोड्यांनी आईवेगळं सापडलेलं भेकराचं, म्हणजे भुंकणाऱ्या छोट्या हरणाचं, पिल्लू आणून दिलं. बायकोने ते शेळीच्या दुधावर वाढवलं आणि पुढे मी त्याला भरडा आणि पेंड चालू केली. रानातलं भेकर चार पानं इथली, दोन तिथली असं निवडून खातं, हे मी पाहिलं होतं. पण ती मी बिचाऱ्याची उपासमार समजत होतो.

पोळा आला. बैलांना पुरणपोळी भरवून झाल्यावर बायकोने विचारलं, यालाही देऊ का? मी ऐटीत सांगितलं की बैलाच्या पोटाला कप्पे चार, याच्याही चार, खुशाल दे. तिने लाडाने तीन भरवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोपऱ्यात मान टाकून उभं. डावी कूस टम्म फुगलेली, रवंथ बंद. मी कुशीला कान लावला, आत काही हालचाल नाही. तेल पाजलं, पोट चोळलं. फुगा थोडा उतरला, पण रवंथ सुरू होईना. बायको माझ्याशी बोलत नव्हती आणि माझी तर पाचावर धारण बसली होती.

दुपारी शेळ्या चारणारी ठाकरीण दाराशी थांबली. तिने भेकराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसू दाबत रवंथ करणारी एक शेळी धरली. शेळीच्या तोंडातला हिरवा घास बोटाने काढून तिने भेकराच्या घशात सारला. मग दुसरा. माझ्या शिक्षणाला हे रुचलं नाही, तरी शेळी मीच धरून ठेवली. दुधाला विरजण लावावं तसं ती त्या पोटाला शेळीच्या पोटातलं विरजण लावत होती, हे मला मागाहून उमगलं. संध्याकाळी भेकराने जबडा हलवला. बायको आधी रडली, मग मला हसली.

त्यानंतर ते ठाकरणीच्या शेळ्यांबरोबर डोंगरावर जाऊ लागलं. पाल्याने अंगावर तकाकी आली. माझ्या पेंडीला ते तोंड लावेना, याचा मला चक्क राग यायचा. तरी संध्याकाळी मी दारात त्याची वाट पाहत असायचो.

एके दिवशी शेळ्या आल्या, ते आलं नाही. मला फार वाईट वाटलं. बिबट्याचं नाव अगदी ओठावर आलं होतं, पण मी ठाकरणीला एवढंच विचारलं, "पोट बरं होतं ना त्याचं?"

"बरं हुतं की, डाक्टर," ती म्हणाली. "म्हनून तर गेलं."