दोन ठिपक्यांच्या मध्ये

बाळांनो, या पत्रात एक गंमत सांगायची आहे. आज आपल्या घराशेजारच्या प्राथमिक शाळेत गणित दिवस होता. पटांगणात मुलं रांगोळीच्या ठिपक्यांतून एक, चार, नऊ अशा चौरस संख्यांचे चौकोन मांडत होती. दुसरीतल्या ईश्वरीने मात्र घरच्या रांगोळीच्या सवयीने प्रत्येक ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये ठेवला. ओळी लहान होत गेल्या आणि वर एकच ठिपका उरला.

“अगं, तुझा चौकोन संपला की!” मैत्रीण हसली. ईश्वरी रडवेली होऊन पुसायला वाकली.

“पुसू नकोस गं,” बाई म्हणाल्या. “वरून बेरीज करत ये बरं.”

“एक... तीन... सहा... दहा...” तिचा आवाज मोठा होत गेला. “बाई, दर ओळीला एक ठिपका वाढतोय!”

इतरांसारखं जमलं नाही की आपलं चुकलंच, असं लहानपणी किती पटकन वाटतं. तुम्ही इथून गेलात, तिकडच्या नव्या शाळेत तुम्हालाही असं वाटत असेल. अशा वेळी घाईने पुसू नये, एकदा शांतपणे मोजून पाहावं.

“बाई, खाली अजून एक ओळ काढू?” ईश्वरीने विचारलं.

बाईंनी ओळीला जागा करायला आपली खुर्ची उचलून मागे घेतली.